गार पाण्याचा देव

नवरा गेला त्या महिन्यात मी एकूण नऊ याद्या केल्या. मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती कुठे कुठे द्यायच्या त्याची एक, दुकानाच्या चाव्यांची एक, त्याच्या कपड्यांची एक. मी मुलींच्या वसतिगृहाची व्यवस्थापिका आहे. दर जूनमध्ये गाद्या, बादल्या, खाटा आणि दिवे मोजून नोंदवहीत चढवणं हे माझं काम. हे काम करताना मला कधी कंटाळा आला नाही आणि त्या महिन्यातही आला नाही. लोक म्हणत, काय धीराची बाई आहे. मला धीर वगैरे काही जाणवत नव्हतं. सकाळी उठायचं, यादीतलं पुढचं काम करायचं, समोर बरोबरची खूण करायची.

तो चैत्रात गेला. वर्ध्यात त्याचं पाइप आणि नळाच्या सामानाचं दुकान होतं. एका गिऱ्हाइकानं अर्ध्या इंचाचा एल्बो, म्हणजे पाइपचा कोपरा, मागितला, हा काढायला मागे वळला आणि फळीला धरून खाली बसला. बस, एवढंच. गिऱ्हाइकानंच फोन केला. खाली बसतानाही तो एल्बो याच्या हातात होता, असं त्यानं मला नंतर सांगितलं.

देवघराची यादी सगळ्यात शेवटी केली, कारण ते खातं आईंचं. आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय अठ्ठ्याहत्तर. आर्वीचं घर सोडून आम्ही वर्ध्याजवळ पिपरी मेघेला राहायला आलो तेव्हा त्या देव स्वतःच्या मांडीवर घेऊन आल्या होत्या. पूजा रोज त्याच करायच्या. मुलगा गेल्यावर त्यांनी ती सोडली. तीन आठवडे देव तसेच राहिले, मग मी सुरू केली. वसतिगृहाला निघण्याआधी दहा मिनिटं. आई समोरच्या पलंगावर हात पदरात घेऊन बसायच्या आणि बघायच्या. अर्धी पोळी खायच्या. मी यादीत लिहिलं, ‘आई, जेवण कमी, डॉक्टर.’ डॉक्टरनं गोळ्या दिल्या. खूण केली.

तर देव असे. माझ्या माहेरची अन्नपूर्णा, हातात पळी. आईंच्या माहेरची अन्नपूर्णा, हिची पळी वाकलेली. लोण्याचा गोळा घेऊन गुडघ्यावर रांगणारा बाळकृष्ण. देवीचा चांदीचा टाक. शंख, घंटा. आणि विष्णू.

विष्णू वीतभर उंच. आम्ही पितळेचा म्हणायचो, पण रंग पितळेसारखा नाही, तांबूस काळा आहे. मागे कमान, कमानीच्या टोकाला डोळे वटारलेलं सिंहासारखं तोंड. पायाशी दोन बाजूंना दोन स्त्रिया, बोटाच्या पेराएवढ्या. ताठ उभा, कुठेही वाक नाही. चेहरा मात्र गेलेला. नाक आणि डोळ्यांच्या जागी गुळगुळीत उंचवटे राहिलेत. तो नेहमी कापसाच्या वस्त्रात असायचा. सरकी काढलेला कापूस हातानं पिंजून, मध्ये मध्ये चिमटा देऊन कुंकू लावलेली ती माळ आई स्वतः करायच्या आणि त्याच्या उजव्या खांद्यावरून सोडायच्या. इतर देवांना सणावारी, याला रोज. पहिल्या दिवशी मी ती माळ काढली तेव्हा दिसलं की चार हातांपैकी उजवा पुढचा हात नाही. कोपराशी संपलेला. सव्वीस वर्षं त्या घरात राहून मला ते माहीत नव्हतं.

“आई, याचा हात?”

“तसाच हाये,” त्या म्हणाल्या.

मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘उजवा पुढचा हात नाही.’ पुढचं काम घेतलं.

वस्त्रमाळा करायला मला वेळ नव्हता, म्हणून देव उघडाच राहिला. मार्गशीर्षात मोठ्या जाऊबाई आल्या. नवऱ्याच्या चुलतभावाची बायको, पुलगावला असते. आली की आधी देवाच्या पाया पडते आणि मग स्वयंपाकघरातले डबे उघडून बघते. पाया पडता पडता थांबली.

“अवं बाई, ह्या देवाचा हात कुठी गेला?”

“नाहीच आहे. आधीपासून.”

“अन् तू भंगलेला देव पुजून राह्यली? घरात ठेवाव लागते काय असा?” तिनं आवाज खाली केला, पण आई चार हातांवर बसल्या होत्या. “याच्यानंच झालं असन. धडधाकट माणूस, अन् असा बसल्या बसल्या जाते काय? मी म्हनतच होतो, काही तरी हाये या घरात.”

“तुम्ही कधी म्हणत होता?”

“मनात म्हनत होतो. तुह्यासारखं लिहून नाई ठेवलं वहीत.” मग तिनंच ठरवलं. अमावस्येला तिनं येऊन देव न्यायचा आणि पुलगावजवळ वर्धा नदीत सोडायचा. “तुले फुरसद नसन तं मी करतो. काकू, बरोबर हाये ना?”

आईंनी हात पदरात आणखी आत ओढून घेतले.

माझी काही हरकत नव्हती. वसतिगृहात मोडलेली बादली आम्ही निर्लेखित करतो, म्हणजे नोंदवहीतून रीतसर कमी करतो. मी लिहिलं, ‘विष्णू, विसर्जन, पुलगाव, अमावस्या.’ आता मागे वळून पाहिलं तर त्या दिवसापासून आईंनी अर्धी पोळीही सोडली होती. मी ते लिहिलं होतं, पण दोन ओळी एकाखाली एक असूनही जोडल्या नव्हत्या.

अमावस्येच्या आदल्या दुपारी मी देव नवऱ्याच्या जुन्या टॉवेलात गुंडाळत होते. टॉवेल कपड्यांच्या यादीतला, कुणाला देण्यासारखा नव्हता म्हणून उरलेला.

“थांब,” आई म्हणाल्या. “तिले नको देऊ. आधी मले बोलू दे.”

मी बसले.

“थो हात माह्यानं तुटला.”

त्या तेव्हा लग्न होऊन आर्वीला नुकत्याच आल्या होत्या. असाच मार्गशीर्ष. सासू पहाटे कुणाच्या तरी बाळंतपणाला गेली होती, देव नव्या सुनेवर सोडून. नियम ठरलेले होते. थंडीत सगळ्या देवांना कोमट पाणी, विष्णूला मात्र गार. कधीच गरम नाही.

“काऊन म्हनून इचारलं नाई मी. सासूले कोन इचारते? पन त्या दिवशी इतकी थंडी होती बाई, मले थो पाहून कसंसंच झालं. बाकीचे सारे कोमट पान्यानं नाहून राह्यले अन् हा एकटा कुडकुडत उभा. म्हनलं, कोन पाह्यते. बंबातलं कढत पानी घेतलं, चिंच कोळली, अन् त्यात ठेवला त्याले. घासाले उचलला तं हात माह्या तळहातावर. जोर नाई केला मी. आपोआपच निघून आला.”

त्यांनी मूठ बांधली, मागच्या अंगणात धावत गेल्या आणि हात विहिरीत टाकला. सासू यायच्या आत कापूस पिंजून वस्त्रमाळ केली. त्या दिवसापासून माळ कधी चुकली नाही. सासू मरेपर्यंत हाताबद्दल काही बोलली नाही. सासऱ्यांना कळलं नाही, सासरे काय, आईंच्या नवऱ्यालाही नाही.

“मले सांगतलं होतं, गरम घालू नको. मी घातलं. देवानं इतकी वर्सं वाट पाह्यली. मंग माहा उजवा हात नेला.”

इथे मी त्यांना जवळ घेतलं असं लिहिता आलं असतं. मी घेतलं नाही. मी बघत होते की त्यांच्या चहावर साय आली आहे. शेवटी म्हणाले, “आई, असं नसतं.”

“तुले काय मालूम?”

हे खरं होतं. मला माहीत नव्हतं. कामावर एखादी गोष्ट माहीत नसली की मी जाणकाराला विचारते. पंपवाला, वायरमन, सुतार, सगळ्यांची यादी माझ्याकडे आहे. मी जाऊबाईंना फोन केला.

“उद्या नको. पुढच्या अमावस्येला पाहू.”

“काऊन?”

“एक तपासणी राहिली आहे.”

“देवाची? रक्त काढतं काय आता त्याचं?” असं म्हणून तिनं फोन ठेवला.

आर्वीला एक म्हातारे ओतारी आहेत. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या घंटा, समया आणि देव ओतत आले. आता ओतकाम बंद आहे, डाग देऊन जोडणं आणि उजळणं चालतं. आमच्या समईचा पाय त्यांनीच जोडला होता. रविवारी सकाळी मी आईंना एसटीनं घेऊन गेले. देव स्टीलच्या डब्यात, आजूबाजूला कापूस, डबा आईंच्या मांडीवर. मी म्हटलं माझ्याकडे द्या, तर त्यांनी झाकण दाबून धरलं. गाडीत मी आठवड्याच्या भाजीची यादी केली. आर्वीत बाजार समितीच्या बाहेर कापसाच्या गाड्या उभ्या होत्या आणि रस्ता बोंडांच्या धाग्यांनी पांढरा झाला होता.

ओतारीकाकांनी देव डब्यातून काढला आणि आधी वजन पाहिल्यासारखा हातात खालीवर केला. मग म्हणाले, “हा पितळेचा नाई. अन् तुमच्या-माह्या कोन्या आजानं ओतलेलाबी नाई. लय जुना हाये. मेनाचा हाये.”

“मेणाचा?” मी विचारलं.

“आधी मेनाची मूर्ती करायची. वरून माती थापायची. भट्टीत टाकली का मेन वितळून निघून जाते, आत नुसती जागा राह्यते. त्या जागेत धातू ओतायचा. मंग माती फोडायची. साचा गेला म्हनजे गेला. असा दुसरा होत नाई.”

मी सांगितलं की हा विष्णू आहे.

“विस्नू तं हायेच. कोनता, थे सांगा.” ते हसले. “तुम्ही लोकं तोंड पाह्यता. देव हातावरून ओळखाव लागते, बाई. शंख, चक्र, गदा, कमळ. चार वस्तू, चार हात. उजव्या खालच्या हातापासून सुरू करायचं, वर जायचं, मंग डावा वरचा, मंग डावा खालचा. जसा क्रम, तसं नाव. चोवीस क्रम, चोवीस नावं. पूजेत आचमन करता ना, केशव, नारायन, माधव? थेच.”

चोवीस. मी पर्समधला कागद काढला आणि चार वस्तूंची अदलाबदल लिहून पाहिली. पहिल्या हातात शंख धरला तर सहा, चक्र धरलं तर सहा. चोवीस बरोबर येतात. आचमनाची ती नावं मी लहानपणापासून ऐकत होते आणि ती एक यादी आहे हे मला पन्नाशीत कळत होतं. नवरा असता तर रात्री त्याला सांगितलं असतं. तो म्हणाला असता, आता तरी झोप. हा विचार आला आणि गेला. मी कागदाची घडी घातली.

ओतारीकाकांनी भिंग घेतलं आणि तुटलेल्या कोपराकडे वळले. आईंनी पदर मुठीत धरला. काकांनी एका बारीक टोच्यानं आतून काही तरी खरवडलं. काळा, चकाकणारा कण बोटावर घेतला, काडी पेटवून जवळ नेला. कण मऊ झाला आणि वास आला, जुन्या टपालाच्या पार्सलवर वितळवून लावायच्या मोहरेसारखा.

“लाख,” ते म्हणाले. “हे पाहा, कडा कशा गुळगुळीत झाल्या. धातूचा तुटल्यावरचा खरखरीतपना कुठीच नाई. अन् मधात छिद्र पाडलं हाये, खुंटी बसवाले. हा हात कधीचाच तुटला होता. कोनं तरी लाखेनं चिकटवला. थो मंग निघाला.” त्यांनी मान वर केली. “कोनी गरम पान्यात टाकला होता काय याले?”

त्यांना कुणीच काही सांगितलं नव्हतं.

“गरम पाण्यानं लाख सुटते का?” मी विचारलं.

“सुटनारच. म्हनून तं असा देव घरी देताना आमचे लोक सांगत, याले गार पानीच घाला.”

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात मी पूजेचे नियम एका वहीत लिहून काढले होते. आई सांगायच्या, मी लिहायची. एकूण अकरा. सातवा असा होता: ‘विष्णू – गार पाणी. कधीही गरम नाही.’ खाली दोन रेघा. माझी मुलगी लहान असताना विचारायची, आजी, याला सर्दी होत नाही का? मी सांगायची, नियम आहे. मी वहीतला प्रत्येक नियम पाळते. कारणाचा रकाना मी तिथे आखलाच नव्हता.

आईंना समजायला माझ्याइतकाही वेळ लागला नाही. “माह्या सासूले मालूम होतं,” त्या म्हणाल्या.

“किंवा त्यांच्या सासूला,” मी म्हटलं. “त्यांनी सांगितलं म्हणून यांनी सांगितलं असेल.”

“नाई. मालूम होतं तिले. थ्या दिवशी आली, माळ पाह्यली, अन् म्हने, चांगली केली माळ. रोज करत जाय.” त्यांनी डब्यातला कापूस बोटांनी चाचपला. “मी समजलो, मले शाबासकी देऊन राह्यली.”

ओतारीकाका आईंकडे बघत होते. काय झालं असावं हे त्यांच्या लक्षात आलं असणार, पण त्यांनी विचारलं नाही. देवाचा चेहरा अंगठ्यानं पुसला. “हे नाक-डोळे गेले ना माय, थे तुम्ही बायांनी नेले. चिंचेनं घासू घासू. तुम्ही देव झिजवला. तोडला कोनं थे मले नाई सांगता येत, पन थो मानूस तुमच्या लय आधीचा हाये. तुम्ही तोडली थे लाख.”

बाहेर कुणी तरी ट्रॅक्टर सुरू करायचा प्रयत्न करत होतं.

“त्या हातात काय होतं?” आईंनी विचारलं. “मी पाह्यलंच नाई. मूठ बांधली अन् फेकून देल्ला.”

“थे न पाह्यताबी सांगतो.” त्यांनी बोटानं दाखवत नेलं. “उजवा वरचा, शंख. डावा वरचा, चक्र. डावा खालचा, गदा. मंग उरलं काय?”

“कमळ,” मी म्हणाले.

“कमळ. म्हनजे हा केशव. चोवीसातला पयला.” मग ते आईंशीच बोलू लागले, जसं गिऱ्हाइकाला वस्तू समजावून सांगतात. शंख हाक मारतो. गदा शिक्षा करते. चक्र म्हणजे काळ, तो कुणासाठी थांबत नाही, म्हणून वर, डोक्याच्या उंचीला. आणि कमळाचा हात खाली, पुढे, माणसाच्या जवळ. चिखलातून वर येऊन कोरडं राहतं ते कमळ. तो देणारा हात.

“म्हनजे मारनारे सारे राह्यले,” आई म्हणाल्या, “अन् देनारा तेवढा गेला.”

काका जरा गडबडले. “तसं नाई माय. शंख कुठी मारते?”

“हाक तं मारते ना.”

त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि सांगितलं की एवढ्यापुरती भट्टी लावून नवीन हात ओतून देता येईल, आधी मेणात घडवून, कमळासकट, खुंटी बसवून पक्का. आई नको म्हणाल्या.

“मंग बुडवता काय?”

“काऊन? भंगलेला तं थो मी घरात येन्याच्या आधीपासूनच होता. इतकी वर्सं आमच्या घरी जेवलाच ना.”

परत येताना बसस्टँडवर मी संत्री घेतली. गाडी हलल्यावर आईंनी एक सोललं, अर्धं मला दिलं, अर्धं स्वतः खाल्लं. मग दुसरं सोललं. मी मोजत होते, कारण चैत्रापासून त्यांनी अख्खं असं काही खाल्लं नव्हतं. दुसऱ्याच्या शेवटच्या दोन फोडी हातात धरून त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

“मंग थो काऊन गेला?” त्यांनी विचारलं.

माझ्या लक्षात आलं की आजवर त्यांच्याजवळ निदान एक कारण होतं. ते मी आर्वीला नेऊन भिंगाखाली धरलं आणि काढून टाकलं. त्यांना बरं वाटेल असं मी धरून चालले होते. बरं वाटलं का, ते त्यांच्या चेहऱ्यावरून सांगता येत नव्हतं.

“मला माहीत नाही, आई.”

“हं,” त्या म्हणाल्या आणि फोडी खाल्ल्या.

घरी आल्यावर मी जाऊबाईंना फोन करून विसर्जन रद्द झाल्याचं सांगितलं. देव बुडवायचा नाही असं आईंनी ठरवलं आहे, म्हटलं. ती म्हणाली, “काकूले काय समजते आता.” मी म्हटलं, हात कधी तुटला तेवढं समजतं. ती म्हणाली, “तुम्ही दोघी एकासारख्या एक हा.” मग तिनं आमच्याकडच्या तुरीच्या डाळीबद्दल विचारलं आणि मी ती किती आहे ते सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पूजेला बसणार तर आई आधीच पाटावर होत्या. केस विंचरलेले. देव ताम्हनात काढलेले. विष्णू शेवटी, उघडा, खांद्यावर माळ नाही.

“पानी आन,” त्या म्हणाल्या. “कोमट. याच्यासाठी.”

“याला गारच ना?”

“आता लाख कुठी राह्यली?”

डिसेंबरची सकाळ होती, नळाचं पाणी बोटांना चावत होतं. मी पातेलं गॅसवर ठेवलं आणि पाणी तापेपर्यंत तिथेच उभी राहिले. त्या वेळात करण्यासारखं यादीत बरंच होतं, पण मी काही केलं नाही. पाण्यात बोट घालून पाहिलं, थोडं जास्त झालं होतं, त्यात अर्धा पेला गार पाणी मिसळलं आणि पातेलं त्यांच्या उजव्या हाताशी नेऊन ठेवलं.